पैनगंगेपलीकडच्या पायवाटा

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहून पुस्तकाबाहेरच्या विषयावर बोलणे हे थोडे धाडसाचेच आहे. मी मराठीचा अध्यापक. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका लहानशा महाविद्यालयात गेली अनेक वर्षे मी प्रादेशिक साहित्य शिकवतो. माझ्याकडून साहित्यावर एखादे व्याख्यान व्हावे अशी संयोजकांची अपेक्षा होती. परंतु मी त्यांना विनंती केली की, मला पायवाटांवर बोलू द्या. त्यांनी ती उदारपणे मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ज्या पायवाटांविषयी मी बोलणार आहे त्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या आहेत. पाटणबोरीच्या पुढे महामार्गावर पैनगंगेचा पूल ओलांडला की हा जिल्हा सुरू होतो. आमच्या महाविद्यालयापासून हे अंतर बसने तासाभराचे. असे असूनही नोकरीची पहिली पंधरा वर्षे मी पैनगंगा ओलांडली ती केवळ हैदराबादला जाण्यासाठी, आणि तीही बहुधा झोपेत. प्रादेशिकतेवर वर्गात व्याख्याने देणारा मनुष्य आपल्या शेजारच्या प्रदेशाकडे डोळे मिटून जात होता. आजचे व्याख्यान काही अंशी त्या अपराधाची कबुली आहे, असे समजावे.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात आदिलाबाद म्हणजे परप्रांत असे चित्र असेल. इतिहास पाहिला तर ही सीमारेषा फार जुनी नाही. निजामाच्या राज्यात १८७२ साली सिरपूर-तांडूर या नावाने निर्माण झालेला हा भाग १९०५ साली आदिलाबाद जिल्हा झाला. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत याच जिल्ह्याचे होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमराम भीम आसिफाबाद. मी आदिलाबाद म्हणेन तेव्हा मला तो जुना, अखंड जिल्हा अभिप्रेत आहे. कारण पायवाटांनी अद्याप ही विभागणी मान्य केलेली नाही.

या प्रदेशाची रचना पाण्यावरून समजून घ्यावी लागते. उत्तरेला पैनगंगा वाहते व पुढे वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि तीही शेवटी गोदावरीत जाते. दक्षिणेला खुद्द गोदावरी आहे. मध्ये उटनूर, जैनूर, केरामेरी या बाजूचा डोंगराळ पठारी प्रदेश. या पठारावर पडलेला पाऊस तीन दिशांना वाहतो : उत्तरेचा पैनगंगेकडे, पूर्वेचा प्राणहितेकडे आणि दक्षिणेचा कडम नदीतून गोदावरीकडे. याच कडम नदीवर नेरडीगोंड्याजवळ कुंटाल्याचा धबधबा आहे. सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीवरून ते पाणी काळ्या कातळाच्या पायऱ्यांवरून खाली येते. शकुंतलेच्या नावाशी लोक त्याचे नाव जोडतात. शिवरात्रीला तेथे सोमेश्वराच्या दर्शनास गर्दी लोटते.

या भागातल्या जुन्या पायवाटा मोटाररस्त्यांना समांतर जात नाहीत. त्या ओढ्यांच्या कडेने जातात, खिंडीत चढतात आणि पलीकडच्या ओढ्याला जाऊन मिळतात. उन्हाळ्यात ज्या डोहात पाणी टिकते त्या डोहाशी चार वाटा एकत्र येतात. पहिल्यांदा आम्ही तेथे चालायला गेलो तेव्हा माझ्या हातात नकाशा होता आणि मी प्रत्येक माणसाला पुढच्या गावाचा रस्ता विचारत होतो. अखेरीस गुरे राखणाऱ्या एका मुलाने मला सुचवले, ‘गुरुजी, रस्ता काय विचारता? पुढचा ओढा विचारा ना. ओढ्यावर गाव असतेच.’ त्यानंतर आमची चुकामूक क्वचितच झाली.

या वाटांपैकी सर्वांत पवित्र वाट केस्लापूरच्या नागोबाची. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. हे मेसराम कुळाच्या गोंडांचे दैवत. जत्रेपूर्वी मेसराम मंडळी गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनवाणी निघतात. गावोगाव मुक्काम करीत ती जन्नारमकडच्या हस्तिनमडुगु या गोदावरीच्या डोहापर्यंत जातात आणि झारीत पाणी घेऊन तशीच पायी परततात. परतल्यावर केस्लापूरच्या वडांखाली त्यांचा तळ पडतो. सिरिकोंड्याचे कुंभार या पूजेसाठी मडकी घडवतात. त्या वर्षात कुळात आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी ओळख करून देण्याचा विधी होतो. त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. पंढरीची वारी आपल्याला परिचित आहे. आपण चालत देवाकडे जातो; मेसराम मंडळी देवासाठी पाणी आणायला चालत जातात. नदी आणि डोंगर यांचे नाते पायांनी दरवर्षी नवे करणारी अशी रीत मी अन्यत्र पाहिलेली नाही.

मात्र हा प्रदेश केवळ देवदर्शनाचा आणि धबधब्यांचा नाही. या वाटांनी युद्धेही पाहिली आहेत. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात रामजी गोंड यांच्या नेतृत्वाखाली गोंड आणि रोहिले निर्मलच्या परिसरात लढले. १८६० साली रामजी पकडले गेले आणि निर्मलला एका वडाच्या झाडावर त्यांना सहकाऱ्यांसह फाशी देण्यात आले. लोकस्मृती फाशी गेलेल्यांचा आकडा हजार सांगते. त्या झाडाचे नावच ‘हजार फाशांचा वड’ अशा अर्थाचे पडले. आपल्या शालेय पुस्तकांतून सत्तावन्नचा उठाव झाशी-कानपूरपाशी थांबतो. निर्मलचा वड त्यात येत नाही.

पुढची लढाई १९४० ची. त्या वर्षी युरोपात महायुद्ध पेटलेले होते आणि वर्तमानपत्रे त्याच बातम्यांनी भरलेली होती. त्याच वर्षी केरामेरीच्या डोंगरात जोडेघाट येथे कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. राखीव जंगलांच्या नावाखाली गोंड-कोलामांना त्यांनीच कसलेल्या जमिनींवरून हुसकावण्यात येत होते. त्याविरुद्ध बाबेझरी-जोडेघाट परिसरातल्या बारा गावांना संघटित करून भीम उभे राहिले. जल, जंगल, जमीन ही त्यांची मागणी म्हणून आज देशभर सांगितली जाते. तरुणपणी गाव सोडून ते बल्लारशा-चंद्रपूरकडे गेले होते. तेथे एका छापखानेवाल्याच्या आश्रयाने त्यांनी लिहिणे-वाचणे शिकून घेतले आणि मग ते आसामच्या चहामळ्यांत गेले, अशी कथा लोक सांगतात. ही कथा खरी असेल तर त्या लढ्याच्या मुळाशी चंद्रपूरच्या छापखान्यातली काही मराठी अक्षरेही आहेत. ग्रंथालयाच्या सभासदांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भीमांचा स्मृतिदिन इंग्रजी तारखेने पाळला जात नाही. तो आश्विन पौर्णिमेला पाळतात, आणि त्या दिवशी डोंगरातल्या सगळ्या वाटा जोडेघाटला येतात. आता तेथे स्मारक आणि संग्रहालय उभे आहे.

महायुद्धाचा या डोंगराशी आणखी एक चमत्कारिक संबंध आला. क्रिस्तॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा भारतात होते. त्यांच्याजवळ जर्मन पारपत्र असल्याने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहण्याचे बंधन आले. दुसरा कोणी असता तर दिवस मोजत बसला असता. हायमेनडॉर्फ आपल्या पत्नी बेटी यांच्यासह चेंचूंमध्ये, रेड्डींमध्ये आणि नंतर आदिलाबादच्या गोंडांमध्ये जाऊन राहिले. जोडेघाटच्या गोळीबारानंतर निजाम सरकारलाही आदिवासींच्या असंतोषाचे कारण समजून घेण्याची निकड भासू लागली होती. जैनूरजवळच्या मार्लवाई या गावी या दांपत्याने मुक्काम केला. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून त्यांनी सरकारकडे अहवाल दिले. १९४३ साली मार्लवाईला गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. ‘आदिलाबादचे राजगोंड’ या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. १९८७ साली बेटी निवर्तल्या. त्यांना मार्लवाईलाच पुरले आणि पुढे हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही तेथेच विसावल्या. त्याच मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली तेही निवर्तले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मार्लवाईच्या शाळांसाठी गोंडी भाषेची जी पहिली पुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत होती. कारण या पठारावर गोंडांना बाहेरच्या जगाशी बोलण्याची भाषा मराठी होती आणि ज्यांना थोडेफार वाचता येत होते त्यांना देवनागरीच येत होती. इतकेच नव्हे, गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे जे प्रधान लोक, त्यांच्या घरातली भाषा मराठी आहे. आंध समाजाचेही तसेच. म्हणजे गोंडी महाकथांची स्मृती ज्यांनी शतकानुशतके जतन केली ते लोक चुलीपाशी मराठी बोलत होते; आणि मराठीच्या आम्हा अध्यापकांना त्याचा पत्ताही नव्हता.

येथे मला माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी या बाजूला पायी गेलो होतो. एका गावात मुक्काम पडला. संध्याकाळी गावातली मंडळी जमली, तेव्हा मी पुस्तकातून टिपून नेलेली माहिती विद्यार्थ्यांना सांगू लागलो आणि गावकऱ्यांना समजावे म्हणून ती हिंदीत सांगू लागलो. एक वृद्ध प्रधान शांतपणे ऐकत बसले होते. माझे संपल्यावर ते म्हणाले, ‘गुरुजी, मराठीतच बोला की. आमच्या घरात हीच भाषा आहे.’ मग ते घरात गेले, किंगरी घेऊन आले आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गात राहिले. गाणे गोंडीत, आणि मधेमधे आम्हाला अर्थ सांगायचा तो मराठीत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी चौघे गोंड होते. त्यांतला एक आपल्याच कुळाची कथा आयुष्यात प्रथम ऐकत होता.

निघताना मी त्यांना वचन दिले की, दिवाळीत दंडारीच्या वेळी ध्वनिमुद्रणाचे साहित्य घेऊन येतो. ‘या, बाबा,’ एवढेच ते म्हणाले. त्या दिवाळीत विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका आल्या. पुढच्या वर्षी महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे काम निघाले. तिसऱ्या वर्षी मी गेलो तेव्हा किंगरी भिंतीवर खुंटीला टांगलेली होती आणि तिच्या तारा काढून ठेवलेल्या होत्या. त्यांचा मुलगा मंचिर्यालला कामाला असतो. त्याने मला चहा दिला, आदराने बसवले आणि एकदाही तक्रार केली नाही. ती रात्र आज बारा विद्यार्थ्यांच्या आठवणीत आणि माझ्या वहीच्या अकरा पानांत आहे. त्या अकरा पानांत कथेचा सांगाडा आहे. त्यातले गाणे गेले. याला कोणतेही सरकार जबाबदार नाही, कोणतीही संस्था जबाबदार नाही. नोंद करण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नाही.

याउलट जे वेळेवर गेले त्यांना काय सापडले तेही सांगतो. नारनूर मंडलातल्या गुंजाळा या गावी घरांत जपून ठेवलेली जुनी हस्तलिखिते होती. ती एका स्वतंत्र गोंडी लिपीत लिहिलेली आहेत हे सुमारे दोन दशकांपूर्वी हैदराबादच्या अभ्यासकांच्या लक्षात आले. गावातल्या मोजक्या वृद्धांना ती लिपी वाचता येत होती. त्यांच्याकडून ती शिकून घेतली गेली, तिची बाराखडी छापली गेली आणि २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंचातही तिला स्थान मिळाले. आणखी दहा वर्षे कोणी गेले नसते तर ते कागद राहिले असते, परंतु वाचणारे राहिले नसते.

श्रोतेहो, या वाटा आज तीन बाजूंनी पुसल्या जात आहेत. पहिली गोष्ट म्हणजे डांबरी रस्ते. रस्ते झाले हे चांगलेच झाले. आजारी माणसाला खाटेवर घालून डोंगर उतरण्यात काव्य नसते. परंतु वाट मोडली की तिच्या कडेचे देव, झरे आणि थांबे यांची नावेही मागे पडतात. दुसरी गोष्ट, जंगलाचे नियम. कवाल अभयारण्याला २०१२ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ जगला पाहिजे, यात दुमत नाही. पण जुन्या वाटांपैकी काही आता परवानगीवाचून चालता येत नाहीत. तिसरी गोष्ट भाषेची. १९५६ नंतर शिक्षणाचे माध्यम बहुतांशी तेलुगू झाले. नव्या पिढीने ती भाषा शिकणे स्वाभाविक आणि आवश्यक आहे. परंतु आजोबा मराठीत आणि गोंडीत जे सांगतात ते नातवाला लिहून घेता येत नाही, आणि ज्या आपल्याला लिहून घेता येईल ते आपण तेथे जात नाही.

सीमेवरची स्थिती तर अधिक बोलकी आहे. केरामेरी आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका यांच्या मध्ये डोंगरावर सुमारे चौदा गावे अशी आहेत की, ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथल्या अनेकांकडे दोन शिधापत्रिका आहेत आणि त्यांनी दोन्ही राज्यांत मतदान केलेले आहे. त्याच डोंगरात महाराजगुड्याजवळ जंगुबाईची गुहा आहे. पौषात दोन्ही राज्यांतून गोंड कुटुंबे तेथे चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा एका आजीबाईंना माझ्या विद्यार्थ्याने विचारले, ‘आजी, तुमचे गाव महाराष्ट्रात की तेलंगणात?’ आजी म्हणाल्या, ‘पोरा, गाव डोंगरावर हाय. सरकार खाली राहते.’

पैनगंगेच्या काठाने राजकीय सीमा नेहमीच अशी सैल राहिली. १९४७-४८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामात ही नदी निजामी राज्य आणि वऱ्हाड यांच्यामधली हद्द होती. पलीकडे जुलूम वाढला की माणसे रातोरात अलीकडे येत. उमरखेडसारख्या ठिकाणी सत्याग्रहींची शिबिरे होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलिस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. नदीचा उतार कोठे आहे, पाणी कमरेपर्यंत कोठे येते, हे माहीत असणाऱ्या नावाड्यांचा आणि गुराख्यांचा त्या संग्रामात वाटा होता. त्यांची नावे मात्र कोणत्याही स्तंभावर नाहीत. स्वातंत्र्यानंतरही या डोंगराचे दुःख संपले नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नासाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक तो मानत नाहीत. तेथला स्मृतिस्तंभही याच वाटेवर आहे.

मग आपण काय करावे? कोणी म्हणेल, या वाटांवर फलक लावा, निवासगृहे बांधा, पर्यटन वाढवा. मला त्याची धास्ती वाटते. कुंटाल्याच्या धबधब्यापाशी रविवारी साचणारा कचरा मी पाहिला आहे. या वाटा चालाव्यात त्या पाहुण्यासारख्या. गावात शिरण्यापूर्वी गावच्या पटेलांना भेटावे. देवस्थानी चपला आणि छायाचित्रक दोन्ही बाहेर ठेवावीत. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी घेतल्यावाचून पाऊल टाकू नये. पावसाळ्यात ओढे अचानक भरतात, तेव्हा गावकऱ्याने ‘थांबा’ म्हटले की थांबावे. आणि जेथे जेवलो तेथे काहीतरी देऊन यावे. पैसे घेत नसतील तर शाळेला पुस्तके द्यावीत.

ग्रंथालयाकडे माझी मागणी लहान आहे. शताब्दीच्या निमित्ताने इमारत होईल, फर्निचर होईल, तेही हवेच. त्याबरोबर एक कपाट या प्रदेशासाठी राखून ठेवावे. त्यात हायमेनडॉर्फ यांचे ग्रंथ असावेत, गुंजाळ्याच्या लिपीची पुस्तके असावीत, मार्लवाईच्या देवनागरीतल्या गोंडी पुस्तकांची एखादी प्रत कोठे मिळाली तर ती असावी. दरवर्षी आश्विन पौर्णिमा ते दिवाळी या दंडारीच्या दिवसांत दोन-तीन सभासदांना ध्वनिमुद्रणाचे साहित्य देऊन पलीकडे पाठवावे, आणि जे मुद्रित होईल त्याची एक प्रत ज्याने गायिले त्याच्या घरी आधी पोहोचवावी. खर्च फार नाही. आजकाल ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशातच असते. उणीव असते ती ठरलेल्या दिवशी जाण्याची.

आमच्या महाविद्यालयातल्या त्या चार गोंड विद्यार्थ्यांपैकी एक आज शिक्षक आहे. त्याने मागच्या दिवाळीत आपल्या मामाच्या गावी जाऊन चार तासांचे गाणे मुद्रित केले. त्याने ते मला ऐकवले तेव्हा त्यात मधेच किंगरीवाल्याचा खोकला आहे, कुत्रे भुंकते आहे, कोणीतरी चहा मागते आहे. तो संकोचून म्हणाला, ‘सर, हे काढून टाकू का?’ मी म्हणालो, ‘काही काढू नकोस.’ ते मुद्रण मी आज आपल्या ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे. त्या कपाटातली ही पहिली वस्तू समजावी.